ॲनिमेतली मनाच्या आजारांची रूपकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक सूचना. खालच्या उत्तरांत ॲनिमेची, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांची आणि चित्रपटांची, कथानकं उघड होतात, शेवटसुद्धा. काही ठिकाणी आत्महत्येचा उल्लेख आहे. कोणती मालिका कोरी ठेवून बघायची असेल तर तिचं नाव दिसताच तो परिच्छेद सोडून पुढे जा.

ॲनिमेत ‘याला नैराश्य आलंय’ असं सरळ का सांगत नाहीत? पाणी, भिंती, राक्षस हे सगळं कशाला?

कधीकधी सरळ सांगतातही. पण चित्रांच्या माध्यमाला एक सोय आहे जी नटांना घेऊन केलेल्या सिनेमाला नाही. खऱ्या खोलीत पाणी चढताना दाखवलं की प्रेक्षक लगेच म्हणतो, हे स्वप्न असणार, किंवा ही तांत्रिक करामत. रेखाटलेल्या खोलीत भिंत, पलंग आणि पाणी एकाच हाताने काढलेले असतात. पाणी आलं तर आलं, कुणी खुलासा मागत नाही. आजार आतून कसा लागतो हे त्यामुळे न समजावता दाखवता येतं.

दुसरं कारण काळाचं आहे. १९९० च्या दशकात जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. १९९८ पासून २०११ पर्यंत दर वर्षी तिथे ३०,००० हून अधिक आत्महत्या झाल्या. मानसोपचाराकडे जाणं मात्र लाजेचंच होतं. २००० च्या आसपास नैराश्यावरची नवी औषधं बाजारात आली आणि नैराश्य म्हणजे ‘मनाला झालेली सर्दी’ अशी जाहिरात सुरू झाली. तिच्यामुळे बरेच लोक दवाखान्याची पायरी चढले, हे खरं. पण सर्दी चार दिवसांत आपली आपण जाते आणि तिच्यामुळे कुणी जीव देत नाही. औषध खपवायला काढलेलं ते रूपक दिलासा देता देता आजारालाच किरकोळ करून टाकत होतं. त्याच वर्षांत ॲनिमेवाले जी रूपकं घडवत होते ती एवढी सोयीची नव्हती.

चांगलं रूपक आणि वाईट रूपक ओळखायचं कसं?

माझी कसोटी एकच आहे. रूपक किती सुंदर दिसतं ते बघू नका, शेवटी त्याचं काय करतात ते बघा. पाणी ओसरतं की माणूस पाण्यासकट जगायला लागतो? राक्षस मरतो का, आणि मेल्यावर सगळं ठीक होतं का? भिंत पडते की तिला दार लागतं? सुरुवातीची प्रतिमा कुणालाही सुचते. लेखकाची खरी समज ती सोडवताना उघडी पडते. पुढची बहुतेक उत्तरं याच मापाने दिली आहेत.

हे सगळं ‘इव्हँजेलिअन’पासून सुरू झालं का?

नाही, पण गाडी तिथेच वळली. ‘नीऑन जेनेसिस इव्हँजेलिअन’ ४ ऑक्टोबर १९९५ ला टीव्ही तोक्योवर सुरू झाली आणि पुढच्या मार्चमध्ये २६ भागांनी संपली. वरवर बघता राक्षसांशी लढणाऱ्या महाकाय यंत्रांची गोष्ट. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी मालिका प्रसारित होण्याआधीच लिहिलेल्या निवेदनात स्वतःला चार वर्षं काहीही करू न शकलेला, मोडलेला माणूस म्हटलं होतं. चौदा वर्षांचा नायक शिंजी सतत पुटपुटत असतो, ‘पळून जायचं नाही.’ हे त्या पार्श्वभूमीवर ऐकलं की वेगळं ऐकू येतं.

‘इव्हँजेलिअन’मधलं एटी फील्ड म्हणजे नैराश्य का?

नाही, आणि तीच तर गंमत आहे. पहिल्या भागांत एटी फील्ड हे शत्रूचं संरक्षक कवच असतं, तोफांनाही न भेदणारं. आपण ते युद्धतंत्र म्हणून मान्य करून टाकतो. चोविसाव्या भागात कावोरू हा मुलगा शिंजीला सांगतो की ही मनाची भिंत आहे आणि ती प्रत्येकाकडे असते. वीस-बावीस भाग ज्याला आपण हत्यार समजत होतो ते सगळ्यांच्या अंगावर निघतं.

चौथ्या भागाच्या नावातच साळिंदरांचा पेच आहे. तो जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरचा : थंडीत ऊब हवी म्हणून जवळ जावं तर काटे टोचतात, लांब राहावं तर गारठून मरायची पाळी. मग काटेच काढून टाकले तर? १९९७ च्या ‘द एंड ऑफ इव्हँजेलिअन’ या चित्रपटात नेमकं तेच होतं. सगळ्यांच्या भिंती विरघळतात, माणसं नारिंगी द्रवात मिसळून जातात, कुणी एकटं उरत नाही. शिंजी ते नाकारतो. पुन्हा दुखेल हे ठाऊक असूनही त्याला दुसरी माणसं वेगळी, आपापल्या जागी हवी असतात. भिंत हा आजार नाही, भिंतीमागे अडकून राहणं हा आहे. हा फरक आन्नो यांनी केला म्हणून हे रूपक तीस वर्षं टिकलं.

एक जाता जाता. बाविसाव्या भागात शिंजीच्या बरोबरीने ती यंत्रं चालवणाऱ्या आसुका आणि रेई लिफ्टमध्ये उभ्या आहेत आणि जवळपास मिनिटभर चित्र जवळजवळ हलतच नाही. वेळेची आणि पैशांची ओढाताण त्यामागे होतीच. पण निराशेत वेळ कसा साचून राहतो हे मी याहून नेमकं दाखवलेलं फारसं बघितलेलं नाही.

पाण्याचं रूपक इतक्या ठिकाणी का दिसतं?

बुडणं, श्वास कोंडणं, आवाज लांबून येणं हे अनुभव नैराश्यातली माणसं स्वतःच सांगतात, त्यामुळे चित्रकाराला ते आयतं मिळतं. म्हणूनच ते गुळगुळीतही झालंय. पण एका मालिकेसाठी इथे जरा थांबायला हवं.

‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’ ही चिका उमिनो यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. शाफ्ट स्टुडिओने २०१६ ते २०१८ या काळात तिचे ४४ भाग केले, दिग्दर्शक अकियुकी शिंबो. नायक रेई किरियामा सतरा वर्षांचा आहे आणि व्यावसायिक शोगी खेळाडू आहे. शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ. आई-वडील आणि धाकटी बहीण अपघातात गेलेले. वडिलांचे मित्र कोदा स्वतः शोगीपटू. ते विचारतात, शोगी आवडतं का? पोरगा ‘हो’ म्हणतो. ते खोटं असतं, पण राहायला घर मिळायचं तर दुसरं काय म्हणणार? त्या एका होकारावर त्याचं पुढचं आयुष्य उभं आहे. तो इतका चांगला खेळू लागतो की कोदांच्या स्वतःच्या मुलांना वडिलांच्या लेखी जागाच उरत नाही, आणि मग त्याला ते घरही सोडावं लागतं.

तो नदीकाठच्या जवळजवळ रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटा राहतो. इथे पाणी येतं. हरलेल्या डावानंतर काळं पाणी, झोपेत पाणी, पटासमोर बसल्यावर गळ्यापर्यंत पाणी. पण तेच पाणी खिडकीबाहेर खऱ्या नदीच्या रूपात उन्हात चमकतही असतं. तोक्योच्या सुमिदा नदीचा त्सुकिशिमा-त्सुकुदा परिसर मालिकेत ओळखू येण्याइतका नीट काढलाय. म्हणजे ज्यात तो बुडतो आणि जे बघून त्याला बरं वाटतं ते पाणी एकच. नदीच्या पलीकडे कावामोतो बहिणींचं घर आहे : अकारी, हिनाता आणि चिमुरडी मोमो. अधेमधे पूल.

आता माझी कसोटी लावू. या मालिकेत पाणी आटत नाही. रेई पूल ओलांडायला शिकतो, एवढंच. तेही बरेचदा दुसऱ्याने ओढून नेलं म्हणून. वर्षाअखेरीला तो तापाने फणफणून खोलीत पडलेला असतो, तेव्हा बहिणी येऊन त्याला उचलून घरी नेतात, खाऊ घालतात आणि झोपवतात. ‘मनात काय चाललंय’ असं कुणी विचारत बसत नाही. पुढे हिनाताला शाळेत छळलं जातं तेव्हा पारडं फिरतं. रडत रडतही ती म्हणते की मी चूक केलेली नाही, आणि ते ऐकून रेईच्या लहानपणीचं काहीतरी सुटतं. तिला मदत करायला निघालेला तो स्वतःच सावरला जातो.

या मांगाच्या शोगीची बाजू सांभाळणारे व्यावसायिक खेळाडू मानाबू सेन्झाकी, नववा दान (हा शोगीतला दर्जा), यांना २०१७ मध्ये गंभीर नैराश्य आलं. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, खेळातून रजा घ्यावी लागली. बरे झाल्यावर त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. आजारात शोगीची साधी कोडीसुद्धा सुटेनाशी झाली होती, असं ते सांगतात. पटावरच्या पाण्याला ही एक खरी तळटीप आहे.

‘अ सायलेंट व्हॉइस’मध्ये लोकांच्या चेहऱ्यांवर फुल्या का आहेत?

कारण या चित्रपटाचा नायक शोया कुणाच्या चेहऱ्याकडे बघू शकत नाही. प्राथमिक शाळेत त्याने शोको या कर्णबधिर मुलीला छळलं, मग सगळ्या वर्गाने त्याच्यावरच खापर फोडलं आणि त्याला वाळीत टाकलं. हायस्कूलमध्ये येईपर्यंत त्याने जीव द्यायचं ठरवलेलं आहे. चित्रपट तिथूनच सुरू होतो : सामान विकून पैसे आईच्या उशाशी ठेवलेले, नोकरी सोडलेली. फुल्या त्याच्या नजरेतून दिसतात. म्हणजे आपण त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या डोळ्यांनी बघतो.

योशितोकी ओइमा यांच्या मांगावरून क्योतो ॲनिमेशनने २०१६ मध्ये हा चित्रपट केला. दिग्दर्शक नाओको यामादा यांना पाय आणि पावलं काढायची आवड आहेच. इथे तिला कारणही मिळालं : खाली मान घालून चालणाऱ्याला तेवढंच दिसतं. संगीतकार केन्सुके उशिओ यांनी पियानोच्या आत मायक्रोफोन लावून लाकडाची, पेडलची खुडबुडही ध्वनिमुद्रणात ठेवली. स्वच्छ सूर ऐकू न येणाऱ्या माणसाचं हे संगीत आहे.

शेवटी शाळेच्या उत्सवात सगळ्या फुल्या एकदम गळून पडतात आणि शोया रडतो. बघताना मीही रडलो, पण कसोटीत मी इथे अर्धेच गुण देईन. मधल्या भागात एकेक फुली पडते, मित्र झालेल्या नागात्सुकाची सगळ्यात आधी, आणि पुढे काही जणांच्या चेहऱ्यांवर ती परतही येते. ते जास्त खरं होतं. सगळ्या एकाच वेळी गळणं हा चित्रपटाच्या लांबीने घातलेला हिशेब वाटतो.

हिकिकोमोरी हा आजार आहे का?

निदान म्हणून नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ समाजापासून तुटून घरात राहणं, अशी ती अवस्था आहे. तिच्यामागे नैराश्य, चिंता, आणखी काहीही असू शकतं. मनोविकारतज्ज्ञ तामाकी साइतो यांच्या १९९८ च्या पुस्तकाने ही संज्ञा घरोघरी पोहोचवली. सरकारी अंदाज २०१६ मध्ये १५ ते ३९ वयोगटासाठी सुमारे ५ लाख ४१ हजार होता. २०१९ मध्ये ४० ते ६४ वयाचे मोजले तेव्हा ते ६ लाख १३ हजार भरले आणि ‘ही पोरांची नाटकं’ म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. २०२३ मध्ये जाहीर झालेला एकूण अंदाज सुमारे १४ लाख ६० हजारांचा आहे.

यावरची ‘वेलकम टू द एन.एच.के.’ ही २००६ ची मालिका तात्सुहिको ताकिमोतो यांच्या कादंबरीवर आहे. नायक सातोला खात्री पटते की एन.एच.के. ही राष्ट्रीय प्रसारण संस्था नसून लोकांना घरात कोंडणाऱ्या गुप्त संघटनेचं नाव आहे. घरातली उपकरणं त्याच्याशी बोलतात. कट हे रूपक इथे फार हुशारीने वापरलंय : माझी ही गत कुणीतरी केली असं म्हणता आलं की लाज थोडी हलकी होते. सुटका मात्र कटाचा भांडाफोड करून होत नाही. घरून येणारे पैसे थांबतात, भूक लागते आणि साहेब कामाला जातात. हे ऐकायला क्रूर आहे. ‘पैसे बंद करा म्हणजे येईल ताळ्यावर’ असा धडा कुणी यातून काढू नये. तो एका पात्राचा शेवट आहे, उपचार नव्हे.

आजाराला राक्षस किंवा चेटकीण करून दाखवणं योग्य आहे का?

मारून टाकता येणारा राक्षस असेल तर मला ते पटत नाही. पण दोन मालिकांनी ही अडचण ओळखून वेगळा रस्ता काढला.

‘पुएला मागी मडोका मॅजिका’ (२०११, तोच शाफ्ट स्टुडिओ, तेच शिंबो). जादूई मुलींच्या आत्म्याचं रत्न निराशेने काळवंडत जातं आणि पूर्ण काळं झालं की ती मुलगीच चेटकीण होते. म्हणजे या मुलींनी आजवर ज्या चेटकिणींना मारलं त्याही कधीतरी मुलीच होत्या. सायाकाचे भाग बघा : मदतीचा प्रत्येक हात ती झिडकारते, कारण मदत घेण्याची आपली लायकी नाही असं तिला वाटतं. निराशेचा हा तर्क अगदी बरोबर पकडलाय. खोट एवढीच की चेटकीण झालेलीला परतीचा रस्ता नाही, आणि हताश अवस्थेत बघणाऱ्याने ते शब्दशः घेतलं तर घात आहे.

दुसरी सातोशी कोन यांची १३ भागांची ‘पॅरानोइया एजंट’ (२००४). वाकडी सोनेरी बॅट घेऊन, स्केट्सवर येणारा एक मुलगा लोकांना डोक्यात मारतो. हळूहळू कळतं की तो कोंडीत सापडलेल्यांकडेच येतो आणि मार बसलेल्यांना सुटल्यासारखं वाटतं. डोकं फुटलं म्हणजे उद्या कामावर जायला नको! पहिली बळी त्सुकिको हिच्यावर तिच्या गाजलेल्या कुत्र्याच्या बाहुलीनंतर आणखी एक तसंच पात्र काढायचा दबाव असतो. आपण अशा माणसाला ओळखतो. काहींना तर तो माणूस आरशात दिसतो. या मुलाला पोलीस हरवू शकत नाहीत. त्याला परतवते ती तपास अधिकारी इकारी यांची आजारी बायको मिसाए. ती मरायला टेकलेली आहे, तिला सुटका हवी असण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ती त्याच्याशी घरात उभी राहून वाद घालते. मारामारी नाही, नुसतं बोलणं. मला विचाराल तर संपूर्ण ॲनिमेतलं या विषयावरचं ते सगळ्यात धीट दृश्य आहे.

कुठे साफ चुकलंय?

कोन यांच्याच ‘परफेक्ट ब्लू’मध्ये (१९९७). गायिकेची अभिनेत्री होऊ बघणाऱ्या मिमाचा वास्तवाशी सांधा सुटत जातो. तिच्या बाजूने केलेलं ते संकलन आजही थक्क करतं. पण रहस्य उलगडतं तेव्हा खुनी निघते ती भ्रम झालेली दुसरी बाई. आजारी मन म्हणजे धोकादायक मन हे जुनंच समीकरण, फक्त उत्तम कपड्यांत. ‘पॅरानोइया एजंट’च्या तिसऱ्या भागातलं दुभंगलेलं व्यक्तिमत्त्वही तसंच साच्यातलं : दिवसा सभ्य, रात्री वेश्या. मोठ्या दिग्दर्शकालाही हे सापळे चुकले नाहीत.

अमुक पात्राला नेमका कोणता आजार आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आहे. बहुतेक वेळा कथेत निदान दिलेलं नसतं, आणि कागदावरच्या माणसाला तपासता येत नाही.

घिबली स्टुडिओच्या चित्रपटांत असं काही आहे का?

आजार म्हणता येणार नाही, पण ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९) मध्ये किकीला एके दिवशी उडता येईनासं होतं. मांजराचं बोलणंही कळेनासं होतं. चित्रकार उर्सुला तिला सांगते की चित्र जमेनासं झालं की मी काढणंच थांबवते, फिरते, झोपा काढते. कामाने थकून गेलेल्या माणसासाठी यात बरंच आहे. नैराश्य आलेल्याला मात्र कृपया ‘जरा फिरून ये’ असं सांगू नका.

२०२१ च्या शेवटच्या ‘इव्हँजेलिअन’ चित्रपटात नवीन काय आहे?

खेडं. नव्याने केलेल्या ‘इव्हँजेलिअन’ चित्रपटमालेतला २०१२ चा तिसरा चित्रपट झाल्यावर आन्नो यांना पुन्हा नैराश्याने गाठलं, हे त्यांनी स्वतः जाहीर केलं होतं. चौथा यायला नऊ वर्षं लागली. त्याच्या पूर्वार्धात जगाच्या नाशातून वाचलेल्यांची एक वस्ती आहे. शिंजी तिथे बोलत नाही, खात नाही, कोपऱ्यात पडून असतो. जुने मित्र आता बाप्ये झालेत. त्यातला केन्सुके त्याला घरात ठेवून घेतो आणि मागे लागत नाही. आसुका चिडून त्याच्या तोंडात अन्न कोंबते. रेईसारखी दिसणारी मुलगी दिवसभर बायकांबरोबर भाताची लावणी करते आणि त्याच्याजवळ खाणं ठेवून जाते. सगळे माझ्याशी इतकं चांगलं का वागतात, असं तो विचारतो आणि रडतो.

१९९५ मध्ये सगळा प्रवास मनाच्या आत होता. शेवटचे दोन भाग तर अक्षरशः शिंजीच्या डोक्यात घडतात. इथे कुणी डोक्यात शिरत नाही. शेती, जेवण, बाळाचं रडणं, आणि बरं व्हायला लागणारा वेळ. पहिल्या मालिकेची भक्ती करणाऱ्या अनेकांना हा भाग संथ वाटला. माझ्या मते आन्नो यांनी तीस वर्षांत केलेलं सगळ्यात शहाणं काम ते हेच.

आमची मुलगी रात्र रात्र हेच बघते. काळजी करावी का?

बघण्याची नको. झोप, जेवण, शाळा, मैत्रिणी यांत बदल झाला असेल तर त्या बदलाची करा. तिला आवडलेला एखादा भाग तिच्याशेजारी बसून बघा आणि ‘हे काय भलतंच’ हे वाक्य गिळून टाका. पात्राबद्दल बोलणं स्वतःबद्दल बोलण्यापेक्षा मुलांना सोपं जातं. ती जीव देण्याबद्दल बोलत असेल, तर ते ॲनिमेमुळे आलंय असं म्हणून उडवून लावू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

‘परफेक्ट ब्लू’ आणि ‘द एंड ऑफ इव्हँजेलिअन’ मात्र प्रौढांसाठीच आहेत. हिंसा आणि लैंगिक दृश्यं दोन्हींत आहेत.

सुरुवात कुठून करू?

दोन तास असतील तर ‘अ सायलेंट व्हॉइस’. शाळेत न जाणाऱ्या मुलांचा विषय जवळचा असेल तर केईची हारा यांचा ‘लोन्ली कॅसल इन द मिरर’ (२०२२), त्यात शाळेपासून तुटलेली सात मुलं आरशातून एका किल्ल्यात जातात. निवांत वेळ असेल तर ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’, पण रोज एक-दोन भागच. एका बैठकीत संपवायची ती मालिका नव्हे. सध्या मन थाऱ्यावर नसेल तर ‘मडोका’ आणि कोन यांचं सगळं पुढे ढकला. ‘मडोका’ बघाल तेव्हा पहिल्या दोन भागांतल्या गोड रंगांवरून मत बनवू नका. तिसऱ्यात काय होतं ते मी सांगणार नाही.